कुजबुजणाऱ्या इमारतीतला लॉग

१

त्या सकाळी ध्वनिसंग्रहालयाच्या बॅकअप सर्व्हरने सगळ्यांना एकजात नाही म्हणून टाकलं.

फितीवाल्या काकांनी आदल्या दिवशी एक जुनी फीत शेवटची वाजवून घेतली होती. शेवटची, कारण वाजता वाजताच तिच्यावरचा थर पिठासारखा झडून गेला. आता तो आवाज काकांच्या यंत्रात होता आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. अशा आवाजाची दुसरी प्रत तळघरातल्या सर्व्हरवर ठेवायची, हा इथला शिरस्ता. काकांनी फीत पाठवली. सर्व्हरने परत केली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाठवली. सर्व्हरने चष्मा न पुसताच परत केली.

तळघर सांभाळायची बाईंची लेक. बाई म्हणजे वरच्या मजल्यावरच्या ध्वनिमुद्रक. इमारतीत त्यांना ‘बाई’ एवढंच म्हणत, आणि लेकीला काकांनी ‘पाताळ’ असं नाव ठेवलं होतं. आई वर, मुलगी खाली, मधे सगळं जग, असं ते म्हणायचे. आता वर कुणी नव्हतं. बाई गेल्या. रजा संपवून लेक कामावर आली, तेव्हापासून ती मागच्या गल्लीतल्या जिन्याने परस्पर तळघरात उतरत असे. पुढच्या दाराने आलं की वरचा मजला दिसतो.

संचालक साहेब सहसा तळघरात पाऊल ठेवत नसत. आज ठेवलं.

“जागा संपली का?”

“जागा पुष्कळ आहे साहेब. लॉग भरत आलाय.”

“मराठीत सांग.”

लेक किंचित हसली. “सर्व्हर कुठलंही काम करण्याआधी ते रिकव्हरी लॉगमध्ये टिपून ठेवतो. मधेच पडला तर उठल्यावर त्याला कळावं, आपण कुठे होतो. काम पुरं झालं, त्याची प्रत निघाली, की ती टिपणं पुसता येतात. पण पुसायची ती पहिल्यापासून, ओळीने. पहिलंच काम अर्धवट असेल तर मागची सगळी तशीच उभी राहतात, झालेली असली तरी. तिकिटाच्या खिडकीशी पहिलाच माणूस अडून बसला की होतं तसं.”

“आणि हा पहिला माणूस कोण?”

“तेच कळत नाही. इमारतीतली सगळी यंत्रं सर्व्हरशी एकाच नावाने बोलतात.”

“कुणाचं हे डोकं?”

“तुमचंच. इथे आवाजाला नाव असतं, माणसाला नाही, असं तुम्ही उद्घाटनाच्या भाषणात म्हणाला होता.”

साहेबांनी घसा खाकरला. तोही हळूच. “कुणीतरी आपला संग्रह बाहेर पळवतंय. मला पहिल्यापासून वाटत होतं.”

“बाहेर काही जात नाहीये. आत येतंय. अनेक आठवडे, थेंब थेंब. गेल्या आठवड्यात मी लॉगला आणखी जागा दिली, तीही संपत आली.” ताप न मोजता पांघरूण वाढवण्यातलाच तो प्रकार होता, हे तिला आता दिसत होतं.

“मग तोडून टाक ना ते काम.”

“तोडलं तर ते झालंच नव्हतं असं होतं. पुरं न झालेलं काम सर्व्हर अर्धं ठेवत नाही. सगळं टाकतो.”

“आणि नाही तोडलं तर?”

“नव्या कामांना दार बंदच आहे. लॉग काठोकाठ भरला की सर्व्हर आडवा पडेल.”

“मग काकांची फीत?”

लेकीने पडद्यावरचा नकार दाखवला.

“पाच वाजेपर्यंत,” साहेब म्हणाले. “पाचला तोड.” आणि दरवाजा अलगद, हाताने धरून लावून ते गेले.

न ऐकता काही टाकायचं नाही, असं आई म्हणत असे. घरी जुन्या बरणीच्या झाकणाबद्दलसुद्धा म्हणत असे. आधी वाजवून बघायची. पाचला टाकायचं ते काय होतं, हे तरी लेकीला कळायला हवं होतं.

२

पडद्यावर लॉगच्या वाढीची रेघ होती. लेक तिच्याकडे बघत बसली. एखाद्या तळ्याकाठी बसून पाण्याकडे बघावं तशी. रेघ कधी थांबत नव्हती. फायली पाठवणारं माणूस असतं तेव्हा रेघ उडी मारते आणि मग निपचित पडते. ही तशी नव्हती. रात्री बारीक व्हायची, सकाळी इमारत उघडली की थोडी भरून यायची, जेवणाच्या सुट्टीत ओसरायची. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तशी.

ती तळमजल्यावर गेली. तीनच दारं होती, आणि त्यातल्या एकामागे घोडं पेंड खात होतं.

काका फितीच्या चकत्यांमध्ये बसले होते. पायांत जाड लोकरी मोजे. बूट दाराबाहेर ठेवलेले.

“बूट का काढले, काका?”

“पायांना बरं वाटतं गं पाताळ.” ते अगदी हलक्या आवाजात बोलत होते, आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसं. “माझ्या फितीचं काय होणार?”

“बघतेय. तुमच्या यंत्रावरून काही लांबलचक पाठवणं चाललंय का?”

“माझ्याकडे लांबलचक फक्त ही दाढी. बघ हवं तर.”

तिने यंत्र बघितलं. परत आलेल्या फितीखेरीज तिथे काही नव्हतं.

“त्या फितीला मधे एक भोक आहे,” काका म्हणाले. “वरच्या जुन्या स्टुडिओतलीच फीत आहे ती. भोकात नुसती शांतता भरून चालत नाही. कानाला खड्डा लागतो. त्याच खोलीचं मौन लागतं, ती रिकामी असताना ऐकू येतं ते. मी बाईंकडे मागितलंही होतं. ‘देते’ म्हणाल्या. आणि मग...” त्यांनी फितीची चकती उगाच फिरवली. “त्या दिवशी वर गेलो, तर बाई खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्या. घड्याळ हातात. मी काही बोलायला गेलो, तर म्हणाल्या, ‘काका, दोन मिनिटं बोलू नका.’ मला वाटलं, बरं वाटत नसेल. आणि खरंच नव्हतं गं. तिथेच कलंडल्या.”

लेकीने मान हलवली. हे तिने ऐकलेलं होतं. घड्याळाचं ऐकलं नव्हतं.

पुढच्या दारामागे लेखनिक मावशी. ध्वनिमुद्रणं ऐकून ती शब्दांत उतरवायची हे त्यांचं काम, आणि त्यांचं हसू पूर्वी दोन मजले चढून जाई. आज त्यांनी कीबोर्डखाली चौपदरी टॉवेल घातला होता. बोटं कापसावर पडल्यासारखी पडत होती.

“ये गं बाळा,” त्या कुजबुजल्या. “जेवलीस का?”

“मावशी, तुम्ही तरी मोठ्याने बोला.”

मावशींनी दचकून छताकडे बघितलं आणि तिचा हात दाबला. “असू दे गं. चालायचंच.”

लेकीला जरासा रागच आला. आल्यापासून सगळे असेच. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे. तिचं माणूस गेलं होतं, कान गेले नव्हते. चहाच्या गाडीच्या चाकांना कुणी फडकी बांधली होती. तेही तिच्यासाठीच असणार. इतकी माया अंगावर घेऊन चालणंसुद्धा जड होतं. मावशींच्या यंत्रातही काही सापडलं नाही.

तिसरा दुरुस्तीवाला. तो एका मांडणीचे स्क्रू हाताने पिळत होता. कपाळावर घाम. ड्रिल बाजूला, खोक्यात झोपलेलं.

“ड्रिल बिघडलंय?”

“नाही. नंतर वापरीन.” तोही कुजबुजतच.

“मला चोर हवाय,” ती म्हणाली.

“मला पण हवाय, ताई. माझा पक्कड सेट गेलाय.” मग तो ओशाळला. “सॉरी. तुम्ही विचारा.”

“आईचं यंत्र?”

“बंद आहे. मीच केलं, दुसऱ्याच दिवशी. इथल्या नियंत्रण पटलावरून.”

“वर जाऊन नाही?”

“वर कशाला?” त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून निसटली. “आणि बाईंचा कॉम्प्युटर तसाही बंदच असायचा. त्याच्या पंख्याचा त्यांना भारी राग. काही रेकॉर्ड करायचं झालं की आधी त्याचा गळा दाबायच्या.”

तीन दारं झाली होती. कुणीही खोटं बोलत नव्हतं आणि तरी प्रत्येकजण काहीतरी सांभाळत होता, हातात पाण्याने भरलेलं भांडं असल्यासारखा.

३

दुपार तळघरात येत नाही. फक्त वरच्या जाळीतून उजेडाचा एक पट्टा येतो आणि सर्व्हरच्या दिव्यांवरून मांजरासारखा चालत जातो. लेक रेघेकडे बघत होती. चार वाजून गेले होते.

वर कुठेतरी लिफ्टचं जाळीचं दार आपटलं. इमारतीत एवढा एकच आवाज उरला होता. लिफ्ट म्हातारी होती, तिला दार हळू लावता येत नसे.

रेघ फुगली. किंचित, आणि पुन्हा बसली.

लेक पुढे वाकली. लिफ्ट पुन्हा येईपर्यंत तिने श्वास धरला होता की काय, तिलाच कळलं नाही. दार आपटलं. रेघ फुगली.

भिंतीला कान असतात असं म्हणतात. सर्व्हरला नसतात. लिफ्ट त्याला ऐकू येत असेल, तर दुसऱ्या कुणाच्या तरी कानाने.

मग सगळं एकेक करून जागेवर बसू लागलं. आवाज साठवताना तो आवळला जातो. शांतता आवळून चिमूटभर होते. गोंगाट तेवढा आवळत नाही, त्याला तुकडे जास्त लागतात. प्रत्येक तुकड्यामागे लॉगमध्ये एक टिपण. म्हणजे रेघ भरते ती कुणी येतं तेव्हा, आणि ओसरते ती सगळे गप्प होतात तेव्हा. हे आठवडेच्या आठवडे येणारं काम म्हणजे फाईल नव्हती. कुठेतरी एक मायक्रोफोन उघडा होता आणि इमारत ऐकत होता.

कुठे, ते शोधायचं सोपं होतं. तिने काकांना फोन लावला.

“काका, एक काम करा. डब्याचं झाकण आणि चमचा घ्या. प्रत्येक मजल्यावर जाऊन एकदा जोरात वाजवा. मी इथे रेघ बघते.”

“तळमजल्यावर वाजवतो,” काका म्हणाले.

“वर पण.”

“वर?” काकांचा आवाज आणखी खाली गेला. “वर झाकण वाजवू? तुला वेड लागलंय का? दिवा लागलाय वर.”

“कोणता दिवा?”



“पाताळ,” काका म्हणाले, “तुला माहीत नाही?”

४

ती पुढच्या जिन्याने वर गेली. अनेक आठवड्यांत पहिल्यांदाच. मागोमाग मोज्यांतले काका, मावशी, आणि हातातला पाना ठेवायला विसरलेला दुरुस्तीवाला.

लांब मार्गिकेच्या टोकाला आईच्या खोलीच्या, म्हणजे जुन्या स्टुडिओच्या, दारावर लाल दिवा जळत होता. दाराजवळ बाक. उन्हात धुळीचे कण इतके सावकाश तरंगत होते, की तेही जणू कुजबुजत होते.

या इमारतीत लाल दिव्याला एक नियम होता. दिवा लागला की आत ध्वनिमुद्रण चालू आहे. दार वाजवायचं नाही, बोलायचं नाही, पाय आपटायचे नाहीत. आणि आत कोण आहे, काय करतंय, असलं विचारायचंही नाही. ज्याने सुरू केलं, त्यानेच संपवायचं. नव्या माणसाला पगाराच्या आधी हे शिकवत.

“आत कोण आहे?” लेकीने विचारलं.

“मावशी,” काका म्हणाले.

“मी?” मावशी म्हणाल्या. “मी तर इथे उभी आहे!”

“आत्ता नाही हो. एरवी. मला वाटलं, बाईंचं राहिलेलं काम तुम्ही पुरं करता, आमच्यादेखत रडायला नको म्हणून दार लावून.”

“आणि मला वाटलं, हा,” मावशींनी दुरुस्तीवाल्याकडे बोट केलं. “बाईंची यंत्रं जपतोय म्हणून.”

“मला वाटलं साहेब,” दुरुस्तीवाला म्हणाला. “दुसरी किल्ली त्यांच्याकडेच आहे.”

“मी अजून तिला हात लावलेला नाही,” मागून साहेबांचा आवाज आला. पाच वाजत आले होते; ते तिला शोधत वर आले होते. “मला वाटलं...” ते लेकीकडे बघून थांबले. “मला वाटलं, तू येऊन बसतेस.”

लेक एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मोजे, टॉवेल, ड्रिल, चाकांची फडकी. हे सगळे तिच्या दुःखासाठी हळू बोलत नव्हते. ते लाल दिव्यासाठी हळू बोलत होते. तिला हसू आलं.

“आत कुणी नाही,” ती म्हणाली. “काका, आईने तुम्हाला मौन द्यायचं कबूल केलं होतं. ती ते घेत होती. कॉम्प्युटर बंद, पंखा नको म्हणून. मग तिचं ध्वनिमुद्रण खाली कसं येतं?”

“ध्वनिमुद्रणाच्या यंत्राची थेट तार आहे सर्व्हरला,” दुरुस्तीवाला हळूच म्हणाला. “बाईंनीच टाकून घेतली होती. मला वाटलं, कॉम्प्युटर बंद केला म्हणजे...”

“कॉम्प्युटर तुम्ही बंद करायच्या आधीच बंद होता. यंत्र चालूच राहिलं. आई सुरुवात करून बाहेर आली, दाराला कुलूप घातलं, बाकावर बसली, घड्याळ धरलं. खोलीचं मौन खोलीत बसून घेता येत नाही ना. माणूस श्वास घेतं. तिने तुम्हाला दोन मिनिटं बोलू नका म्हणून सांगितलं.”

काकांनी भिंतीला हात टेकला. “आणि मी अजून बोललो नाही,” ते म्हणाले.

“त्या गडबडीत दिव्याकडे बघायला कुणाला सुचणार? नंतर दिवा दिसला, तो प्रत्येकाला दुसऱ्याचा वाटला. काम उघडं राहिलं. त्याच्यामागे आपलं सगळ्यांचं सगळं अडलं.”

साहेबांनी लाल दिव्याकडे बघितलं. मग म्हणाले, “नुसतं मौन आहे ना? मग तोडायला काय हरकत आहे?”

“तोडलं तर काहीच राहत नाही. सुरुवातसुद्धा. काकांच्या फितीचं भोक तसंच राहील. साहेब, तोडायचं नाही. संपवायचं.”

“ज्याने सुरू केलं त्यानेच संपवायचं, हा नियम आहे,” मावशी पुटपुटल्या. त्या नियम सांगत होत्या की रडत होत्या, ते कळत नव्हतं.

“किल्ली आणतो,” साहेब वळले.

“आहे,” लेक म्हणाली. रुग्णालयातून मिळालेलं आईचं किल्ल्यांचं जुडगं तिच्या पिशवीत रोज असे. त्यातली कुठली कशाची, हे बघायचा तिला धीर झाला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिसरी किल्ली लागली.

५

खोली होती तशीच होती. बुचाच्या भिंती, खुर्चीच्या पाठीवर करड्या रंगाची शाल, आणि मधोमध उंच दांडीवरचा मायक्रोफोन, कुणीतरी अजून बोलेल अशा बेताने थोडा खाली वाकलेला. यंत्राची सुई शून्याजवळ थरथरत होती. ती आत आली तशी सुई हलली. तिचा श्वास त्या टिपणांत चालला होता, खाली, आईच्या टिपणांच्या मागे, त्याच ओळीत.

इथे प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या आरंभी काय आहे ते सांगायचं आणि शेवटी संपलं म्हणून सांगायचं, अशी रीत होती. शेवटचा शब्द उच्चारायच्या आधी आई नेहमी थोडी थांबायची. आवाज गेला तरी त्याची जागा लगेच जात नाही, तिलाही जाऊ द्यावं, म्हणायची. लहानपणी लेक या थांबण्यावर वैतागायची; घरी फोन ठेवतानासुद्धा आई तशीच थांबे.

दारात चौघं श्वास धरून उभे होते. लेक मायक्रोफोनजवळ गेली. दांडी आईच्या उंचीला लावलेली होती. तिला जराही वाकावं लागलं नाही.

“जुन्या स्टुडिओचं मौन,” ती म्हणाली.

मग ती थांबली. सुई शून्याशी टेकली, थरथरली, टेकली. लिफ्टसुद्धा गप्प होती. त्या थांबण्यात तिला आपण कुठल्या खोलीत आहोत ते क्षणभर कळेनासं झालं. घरात, रुग्णालयात, की अजून फोनच्या या टोकाला. मग खुर्चीवरची शाल दिसली आणि खोली पुन्हा खोली झाली.

“संपलं,” ती म्हणाली आणि कळ दाबली.

दारावरचा लाल दिवा विझला.

दुरुस्तीवाला धडाधड जिने उतरत तळघराकडे धावला. थोड्याच वेळात खालून आरोळी आली, इमारतीभर घुमली: “उतरतोय! ताई, लॉग उतरतोय! काकांची फीत घेतली त्याने!”

इतक्या आठवड्यांतला पहिला मोठा आवाज. मावशी दचकल्या, आणि मग त्यांना हसू फुटलं, तेच ते, दोन मजले चढणारं. आता चढायला मजला नव्हता, म्हणून ते छताला लागून खाली सांडलं. साहेबांनी रुमाल काढला आणि तुतारीसारखं नाक शिंकरलं. ते त्यांनी किती दिवस दाबून धरलं होतं, देव जाणे.

“त्यातली सुरुवातीची दोन मिनिटं मला लागतील,” काका लेकीला म्हणाले. “पुढचं मी ऐकणार नाही. तू?”

पुढे बाकावरची घडामोड असणार, दाराआडून. मग अनेक आठवड्यांची चहाची गाडी, मोजे, लिफ्ट.

“ते राहू दे तिथे,” ती म्हणाली. “आता ते कुणाला अडवत नाही.”

आरंभाचा तुकडा मात्र तिने काकांबरोबर ऐकला. आईचा कामातला, कोरडा आवाज: “जुन्या स्टुडिओचं मौन. सुरू.” मग पावलं, दार, आणि मग फक्त खोली. काकांनी ती खोली उचलून फितीच्या भोकात ठेवली. कुठे जोडलं ते कानाला कळलं नाही.

घरी निघताना लेकीने खोलीला कुलूप लावलं नाही. ती पुढच्या जिन्याने उतरली, चपला वाजवत, एकेका पायरीवर.

“पाताळ, हळू!” काका वरून ओरडले. ते बूट घालत होते. “पडशील!”

“वाजू दे, काका,” ती खालून म्हणाली.